निवेदनावरची पोच

डिसेंबर-जानेवारीत नाशिकमधल्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकड्या सात दिवसांच्या शिबिराला निघतात. त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, इगतपुरी, पेठ या बाजूच्या एखाद्या गावात मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला जातो आणि त्याचा खरोखर उपयोग होतो, गुरांना पुढचे काही महिने पाणी मिळतं. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेली ही योजना. दोन वर्षांत २४० तास काम ही तिची अट. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्या पाड्यावर बंधारा घातला तिथे नळाचं पाणी का आलं नाही, ते आणणं कुणाचं काम होतं आणि ते त्याच्याकडून कसं करून घ्यायचं, हे मुलं त्या सात दिवसांत शिकत नाहीत. शिबिराच्या अहवालात बंधाऱ्याची लांबी-रुंदी असते, हे तीन प्रश्न नसतात.

सामाजिक न्यायासाठी उभं राहायला शिकवायचं म्हणजे हे प्रश्न विचारायला शिकवायचं, आणि त्यांची उत्तरं कागदावर मिळेपर्यंत पाठपुरावा करायला शिकवायचं. भाषणातून हे येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता समुदाय सहभागाला आणि फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळतात. एका क्रेडिटला क्षेत्रकार्याचे ३० तास धरले तर दोन क्रेडिटचे ६० तास होतात. ते एका वस्तीला, एका प्रश्नाला आणि एका कार्यालयाला दिले तर पुष्कळ काही होऊ शकतं. तेच पाच गावांत आणि दहा विषयांत वाटले की फक्त फोटो उरतात.

प्रश्न निवडताना तो लहान, मोजता येईल असा आणि कायद्याने कुणावर तरी बंधनकारक असलेला हवा. ‘झोपडपट्टीतील समस्या’ हा विषय होऊ शकत नाही. ‘या गल्लीतल्या ४० घरांना रेशनचं पूर्ण धान्य मिळतं का’ हा होऊ शकतो. मी रेशनचाच विषय सुचवेन. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ मधला हक्क किलोत मोजता येतो. प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे ठरलेल्या उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या घराला, माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो. गहू किती आणि तांदूळ किती हे वेळोवेळी बदलतं, माणशी ५ किलो बदलत नाही. आणि रेशनवर जगणाऱ्या वस्त्या महाविद्यालयांपासून लांबही नाहीत. गंगापूर रोडलगतची मल्हारखाण, गंजमाळची भीमवाडी, पंचवटीतलं फुलेनगर, वडाळागाव, सगळं सिटी बसच्या टप्प्यात आहे.

६० तासांची विभागणी मी अशी करेन: ८ तास वर्गात, १६ तास घरोघरी, ८ तास माहितीची जुळणी, १२ तास लोकांबरोबर बसून अर्ज लिहिणं, १० तास कार्यालयाच्या फेऱ्या आणि उरलेले ६ तास वस्तीत परत जाऊन काय झालं ते सांगण्यासाठी. हे शेवटचे सहा तास सगळेच उडवतात. माहिती नेली आणि माणसं परत आलीच नाहीत, हा अनुभव या वस्त्यांनी इतक्यांदा घेतलाय की पुढच्या मुलांना दारात उभं केलं जात नाही, आणि त्यात वस्तीची काहीच चूक नाही.

वर्गातल्या आठ तासांची सुरुवात कायद्यापासून करू नये. प्रत्येकाने आपल्या घरचं रेशनकार्ड पाहून यावं. रंग कोणता, कार्ड कुणाच्या नावावर, त्यावर माणसं किती, ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का आहे का. कायद्याच्या कलम १३ प्रमाणे कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या स्त्रीचं नाव हवं. किती घरांत तसं आहे? ज्यांच्या घरी जास्त उत्पन्नवाल्यांचं पांढरं कार्ड आहे, ज्यांच्याकडे कार्डच नाही आणि ज्यांचं घर त्या धान्यावर चालतं, अशी सगळी मुलं एकाच बाकावर असतात. कार्ड वर्गात दाखवायला लावू नये, नोंद आपल्यापाशीच ठेवायची. ‘यांना सगळं फुकट मिळतं’ असं कुणीतरी म्हणतंच. त्याला गप्प करण्यापेक्षा प्राधान्य कुटुंबासाठी शहरात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपये आहे हे सांगावं आणि महिन्याचा हिशेब फळ्यावर मांडायला लावावा. पाच हजारांच्या आत घरभाडं, दवाखाना, शाळा बसवता बसवता बोलणाऱ्याचा सूर आपोआप बदलतो.

घरोघरी जायची वेळ फार महत्त्वाची. अकरा ते चार ही कॉलेजची सोयीची वेळ वस्तीसाठी सर्वांत चुकीची. त्या वेळी बांधकामावरची माणसं सकाळीच मजूर अड्ड्यावर गेलेली असतात, धुणीभांडी करणाऱ्या बायका दुसऱ्यांच्या घरात असतात आणि दारात फक्त मुलं नि म्हातारी माणसं भेटतात. संध्याकाळी सात ते नऊ जावं. म्हणजे मुलींच्या पालकांची लेखी संमती, परतीची सोय आणि शिक्षकाची हजेरी ओघानेच आली. जोडीने जायचं, एकाने बोलायचं, एकाने लिहायचं. दहा जोड्या आणि प्रत्येकीला चार घरं, एवढं पुरे.

फॉर्म एका पानाचा हवा, आणि खरी मेख प्रश्नांत असते. ‘तुम्हाला रेशन मिळतं का?’ याला ‘मिळतं’ असंच उत्तर येतं आणि सर्वेक्षण तिथेच संपतं. मागच्या महिन्यात धान्य कोणत्या तारखेला आणलं? किती किलो? पावती दिली का? कार्डावर माणसं किती आणि ऑनलाइन किती? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. कार्डावर हाताने लिहिलेली सहा नावं असतात, दुकानातल्या ई-पॉस मशीनवर, म्हणजे अंगठा घेऊन धान्याची नोंद करणाऱ्या यंत्रावर, चारच दिसतात. ३० किलोऐवजी २० किलो मिळतात आणि घरच्यांना वाटतं दुकानदार मारतो. महाईपॉसच्या संकेतस्थळावर कार्डाचा १२ अंकी क्रमांक टाकला की किती सदस्य नोंदलेत आणि धान्याची उचल किती दाखवलीय ते कळतं. हे घरातल्या बाईंच्या समोर, त्यांच्याच मोबाइलवर पाहावं. आधार क्रमांक फॉर्मवर कधीही लिहायचा नाही, कार्डाचा क्रमांकही विचारल्याशिवाय नाही. कुणाच्या घराचा, चुलीचा, लेकरांचा फोटो काढायचा नाही. आधी पाच घरांत फॉर्म वापरून पाहावा, निम्मे प्रश्न बदलावे लागतात.

चाळीस फॉर्म जमिनीवर मांडून त्यांचे गठ्ठे करायचे. नाव ऑनलाइन नाही, असा एक. नाव आहे पण ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) राहिलीय किंवा अंगठा लागत नाही, असा दुसरा. सिमेंट कालवणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. धान्य घ्यायला कुटुंबातल्या दुसऱ्या कुणाचा अंगठा चालतो, पण एकट्या राहणाऱ्या म्हातारीने काय करायचं? तिसरा गठ्ठा पावतीपेक्षा कमी धान्य मिळालेल्यांचा किंवा पावतीच न मिळालेल्यांचा. चौथा, उत्पन्नाने पात्र असूनही शिक्का नसलेल्यांचा.

इथे मुलं हमखास चुकतात, ती अशी की सगळे गठ्ठे घेऊन दुकानदाराशी भांडायला जातात. पहिल्या गठ्ठ्यात दुकानदाराच्या हातात जवळजवळ काहीच नसतं, नाव धान्य वितरण अधिकाऱ्याच्या कार्यालयातून चढतं. सुनेचं नाव चढवायचं तर माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. माहेर सुरगाण्याकडचं असेल तर त्या दाखल्यासाठी एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं आणि एक-दोन दिवसांची मजुरी जाते. लग्नाला चार वर्षं होऊनही नाव नसण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. ‘लोक जागरूक नाहीत’ हा अहवालातला लाडका निष्कर्ष या एका दाखल्यापुढे टिकत नाही. अन्याय कुठल्या खिडकीत, कुठल्या कागदावर अडलाय हे शोधता येणं, हीच या ६० तासांतली खरी विद्या आहे.

चौथा गठ्ठा तर थेट दिल्लीपर्यंत नेतो. कार्यालयात उत्तर मिळतं, ‘इष्टांक पूर्ण झालाय.’ म्हणजे काय? कायद्याखाली किती लोक घ्यायचे याची राज्यवार मर्यादा ठरलेली आहे. महाराष्ट्रात ग्रामीण भागासाठी ७६.३२ टक्के, शहरी भागासाठी ४५.३४ टक्के, आणि ही टक्केवारी लावली जाते २०११ च्या जनगणनेवर. कलम ९ प्रमाणे आकडा प्रसिद्ध झालेल्या ताज्या जनगणनेवरून ठरतो, आणि २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि नव्या इमारतींवर त्यानंतर आलेली माणसं या गणितात नाहीत. २०२१ मध्ये स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला ही संख्या पुन्हा ठरवण्याबद्दल पावलं उचलायला सांगितलं होतं. एका घरातल्या दहा किलो धान्याचा माग काढत निघालेला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी असा जनगणनेपर्यंत पोचतो. राज्यशास्त्राच्या तासाला हे सांगूनही कळतं, पण ज्या बाईंनी चहा दिला त्यांचं नाव यादीत का नाही हे शोधताना कळलेलं वेगळं असतं.

मग निवेदन. मुलांचा पहिला मसुदा साधारण असा येतो: ‘गोरगरीब जनता धान्यापासून वंचित असून आपण जातीने लक्ष घालून योग्य ती कारवाई करावी ही नम्र विनंती.’ यात अधिकाऱ्याने नेमकं काय करायचं ते कुठेच नाही, त्यामुळे काहीच न करणं त्याला सोपं जातं. त्याऐवजी समजा असं लिहिलं: ‘सोबतच्या यादीतील ११ कुटुंबांतील १९ सदस्यांची नावे शिधापत्रिकेवर आहेत, ऑनलाइन नोंदीत नाहीत. त्यामुळे या कुटुंबांना दरमहा ९५ किलो धान्य कमी मिळते. ही नावे अमुक तारखेपर्यंत नोंदवावीत. एखादे नाव नोंदवता येत नसल्यास त्या नावापुढे कारण लिहून लेखी कळवावे.’ कारण मागणारं हे शेवटचं वाक्य कधीही गाळू नये. एक पान, एक विषय, एक कार्यालय. खाली सह्या वस्तीतल्या लोकांच्या, पत्रव्यवहाराचा पत्ताही त्यांच्यातल्याच कुणाचा.

दोन प्रती न्यायच्या. आवक-जावकच्या टेबलावर एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्यायची. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ याचा आवक टेबलाशी संबंध नसतो, कागद तरीही घ्यावाच लागतो. नाहीच घेतला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. पोच नसलेलं निवेदन दिलंच नव्हतं असं धरलं जातं आणि दोन महिन्यांनी सगळं पहिल्यापासून करावं लागतं. चांगल्या चांगल्या कार्यकर्त्यांचे कष्ट या एका शिक्क्याअभावी वाया जातात.

लोकशाही दिनाचा, म्हणजे अधिकाऱ्यांनी लोकांच्या तक्रारी ऐकायच्या दिवसाचा, मार्गही दाखवावा. जिल्हाधिकारी कार्यालयात तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी द्यावा लागतो. तक्रार वैयक्तिक स्वरूपाची हवी, संघटनेच्या लेटरहेडवरचा अर्ज चालत नाही. म्हणून ११ कुटुंबांचे ११ अर्ज करावे लागतात आणि ते प्रत्येक कुटुंबाबरोबर बसून लिहावे लागतात. बारा तास त्यासाठीच ठेवले आहेत.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच टाकायला हवा, कारण उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे आणि सत्र पंधराएक आठवड्यांचं. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. ‘नावं का चढवली नाहीत?’ असं विचारलं तर खुलासा देणं बंधनकारक नाही असं उत्तर येतं. कागद मागावा: ‘गेल्या १२ महिन्यांत सदस्याचे नाव वाढवण्यासाठी आलेल्या अर्जांच्या नोंदवहीची प्रत, निर्णयाच्या तारखेसह.’ उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. माझ्या मते हा अर्ज वस्तीतल्या कुणाच्या नावाने टाकू नये, शिक्षकाने स्वतःच्या नावाने टाकावा. कुणी चिडलंच तर शिक्षकाचं धान्य बंद होत नाही.

ही भीती खरी असते. तिसऱ्या गठ्ठ्यात, दुकानदाराविरुद्धच्या तक्रारीत, ती सगळ्यांत जास्त. मुलं सत्र संपलं की जातात, बाईंना पुढच्या महिन्यात त्याच दुकानासमोर रांगेत उभं राहायचं असतं. म्हणून अशी तक्रार एकटीच्या सहीने कधीच देऊ नये. किमान दोन महिन्यांच्या पावत्या, दहा-पंधरा सह्या आणि मध्यभागी वस्तीतला एखादा टिकाऊ बचत गट असेल तरच पुढे जावं. लोक ‘नको’ म्हणाले तर नको. त्यांच्या वतीने धाडस करायचा अधिकार आपल्याला नाही.

भेटीला जाण्याआधी तालीम हवीच. समाजमंदिरात एक टेबल मांडून शिक्षकाने अधिकारी व्हावं, मध्येच फोन घ्यावा, ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणावं. शिष्टमंडळ पाच जणांचं: वस्तीतले तीन, विद्यार्थी दोन. आधी वस्तीतल्यांनी बोलायचं, मुलांनी कागद पुढे करायचे. प्रत्यक्षात दालनात खुर्च्या दोनच असल्या तर ‘बसा’ हे शुद्ध बोलणाऱ्या मुलांना म्हटलं जातं आणि बायका भिंतीशी उभ्या राहतात. तेव्हा मुलांनी उठून खुर्ची द्यायची, हेसुद्धा तालमीत करून घ्यावं लागतं. शहरात पोलिसांचा जमावबंदीचा आदेश लागू आहे का हे आदल्या दिवशी पाहून घ्यावं, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली असे आदेश वेळोवेळी निघतात.

तयारीचं मोल शिकवायला नाशिकला बाहेरचं उदाहरण शोधायची गरज नाही. २ मार्च १९३० ला अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व आणि दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड समितीचे सचिव. मंदिराच्या विश्वस्तांना आधी लेखी सूचना दिली होती. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची तुकडी चारही दरवाजांवर उभी राहिली. सूचना कुणी नेली, तुकड्या कशा ठरल्या, बाहेरगावच्यांची जेवणाची सोय कुणी केली, असे प्रश्न मुलांना पंचवटीत उभं करून विचारावेत. तो लढा वर्षानुवर्षं चालला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा याच जिल्ह्यातली. एका सत्रात निकाल लागला नाही म्हणून हिरमुसणाऱ्या मुलांना हा काळ माहीत असायला हवा.

वर्गातच ज्यांच्या घरी असे लढे चालू आहेत अशी मुलंही असतात. सुरगाणा, पेठ, कळवणच्या काही मुलांच्या घरी वनहक्काचा दावा पडून असतो, कुणाची आई मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांच्या मोर्चात नाशिकहून मुंबईपर्यंत चाललेली असते. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून ते मोर्चेकरी रात्रीतून आझाद मैदानावर पोचले होते. या मुलांना सगळ्यांपुढे उभं करून ‘सांग’ म्हणू नये, स्वतःहून बोलली तर वेळ द्यावा. सर्वेक्षणाची वस्ती वर्गातल्याच कुणाची असेल तर त्याला आधी एकट्याला विचारावं. आणि गट पाडताना कोण कुणाबरोबर जायला टाळतंय, कोण कुणाच्या घरचं पाणी नको म्हणतंय, हे पाहावंच लागतं. ते पाहूनही सोडून दिलं तर बाहेर न्याय मागण्यात काय अर्थ आहे?

रेशन नको असेल तर दुसरे विषय आहेत. मजूर अड्ड्यावरच्या कामगाराला बांधकाम कामगार म्हणून नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि रोज नवा ठेकेदार असल्याने ते कुणीच देत नाही. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा सांगतो की सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून आलेले हवेत. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते आणि घाटांची कामं चाललेली असताना हा कायदा नाशिकमध्ये वाचला जायला हवा. पद्धत तीच: मोजा, कुणाचं काम ते शोधा, लेखी मागा, पोच घ्या.

गुण मात्र निकालावर देऊ नयेत. नावं चढली की नाही हे विद्यार्थ्याच्या हातात नसतं, आणि त्यावर गुण ठेवले तर मुलं सोपी घरं निवडतात किंवा आकडे फुगवतात. नोंदवही, फॉर्मची अचूकता, निवेदनाचे सगळे मसुदे, पोच आणि वस्तीत परत जाऊन केलेली मांडणी, यांवर द्यावेत. वस्तीतल्या दोघा-तिघांना ‘ही मुलं कशी वागली’ हे विचारून त्यालाही गुण ठेवावेत.

प्राचार्यांना धास्ती असते ती राजकारणाची. विषयाची एक पानी टिपणी, कायद्याची कलमं आणि भेटीच्या तारखा आधीच त्यांच्या सहीने मंजूर करून घेतल्या, कुठल्या पक्षाचा बॅनर किंवा पदाधिकारी सोबत घेतला नाही, तर बहुतेक जण पाठीशी उभे राहतात. जे राहत नाहीत त्यांच्या महाविद्यालयात प्रश्न स्वतःच्याच आवारातला घ्यावा: दिव्यांगांसाठी रॅम्प, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी, अडकलेली शिष्यवृत्ती. अनुदानित महाविद्यालयाला माहितीचा अधिकार लागू आहेच.

सत्र एप्रिलमध्ये संपतं, अर्ज संपत नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपिलाची मुदत उलटून जाणं ही या कामातली सर्वांत नेहमीची हानी. म्हणून शेवटच्या आठवड्यात फाइलच्या पहिल्या पानावर तक्ता हवा: अर्ज क्रमांक, कार्यालय, पोचेची तारीख, पुढची मुदत आणि ती सांभाळणाऱ्याचं नाव. ते नाव सुट्टीत नाशिकमध्ये राहणाऱ्याचं असावं. फाइलची एक झेरॉक्स बचत गटाच्या अध्यक्षांकडे, एक विभागात. सेवा योजनेची नोंदणी दोन वर्षांची असल्यामुळे पहिल्या वर्षाची चार मुलं सुरुवातीपासून सोबत घेतली तर जूनमध्ये वस्तीत जाऊन ओळख करून द्यावी लागत नाही, आणि पहिल्याच आठवड्यात तक्त्यातली कोणती तारीख जवळ आलीय ते पाहून कामाला लागता येतं.